पेडण्याच्या सीमेवरचे पिस्तूल

'पिस्तूल' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांबरोबर आला. चावी, पगार, बटाटा, काडतूस ही मंडळीही त्याच गलबतातून उतरली. त्याआधी आपण 'तमंचा' म्हणत असू, आणि तो शब्द तुर्की-फारसी वळणाचा. शब्द पोर्तुगीज आहे म्हणून वस्तूही पोर्तुगीजच असणार, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. पेडणे, डिचोली, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर ठासणीचे पिस्तूल निघाले की घरचे लोक हमखास सांगतात, 'हे फिरंग्याचे.' पुढे बंडाची एक हकीकतही जोडलेली असते. आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांची मूळ घरे याच पट्ट्यात आहेत, तेव्हा ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असणार. ती खोटी आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण पिस्तुलालाही स्वतःचे काही सांगायचे असते, आणि ते त्याच्या अंगावर ठोकलेल्या खुणांतून वाचता येते. ते कसे वाचावे, आणि मोपाच्या एका घरात ते वाचताना काय हाती आले, ते या लेखात सांगतो.

आधी मुलखाविषयी थोडे. तिसवाडी बेट १५१० साली पोर्तुगिजांकडे गेले, बारदेश आणि साष्टी १५४३ साली. पेडणे मात्र तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षे ते गोव्याच्या बाहेरचे, आधी आदिलशाही अमलातले आणि मग वाडीकर सावंत-भोसल्यांचे. १७४६ साली कास्तेलु नोव्होच्या मार्किसाने हळर्णचा कोट जिंकला आणि त्या विजयाबद्दल त्याला 'आलोर्नाचा मार्किस' हा किताब मिळाला. पेडण्यातल्या एका लहानशा गढीचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटले ते असे. परंतु तो भाग कायमचा त्यांच्याकडे राहिला नाही. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या हाती गेले, तेव्हा कुठे 'नव्या काबिजादी' पुऱ्या झाल्या. म्हणजे मोपाच्या माणसाला १७८८ पर्यंत पोर्तुगीज हा नदीपलीकडचा शेजारी होता, आणि १७८८ नंतर वाडीकर पलीकडचे झाले. १८१९ च्या तहानंतर वाडीच्या मागे इंग्रज येऊन उभे राहिले. एकाच सड्यावरून तीन सत्तांची गुरे चरायला जात होती म्हणा ना! अशा जागी हत्यारे कोणत्याही एका दिशेने आली असतील असे धरून चालणे मुळातच धाडसाचे आहे.

हत्यारे फक्त बाहेरूनच आली असेही नाही. आफोन्सु द आल्बुकेर्कने १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्या लोहारांचे कौतुक केले आहे. युरोपात तेव्हा बोहेमियाच्या बंदुकांचा लौकिक होता, आणि गोव्याचे कारागीर त्यांच्या तोडीचे काम करतात, असा त्याचा अभिप्राय होता. जपानात १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जी तोड्याची बंदूक पोहोचली तिची कळ गोव्याच्या घडणीची असावी, असेही काही अभ्यासक मानतात. आपल्या लोहारसाळांचे हे मोठेपण आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आले नाही. असो.

आता पिस्तूल हातात घेऊ. पहिली गोष्ट खूण नव्हे, बार उडवायची तऱ्हा. तोड्याची बंदूक पेटत्या दोरीवर चालते. लांब बंदुकीला ते जमते, पण कमरेला किंवा खोगिराला अडकवायच्या पिस्तुलाला पेटती दोरी बांधून घोड्यावर कोण बसणार? म्हणून पिस्तूल खऱ्या अर्थाने फैलावले ते चकमकीच्या कळीबरोबर. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते, चाप ओढला की ती समोरच्या पोलादी पात्यावर आदळते, ठिणगी रंजकाच्या वाटीत पडते आणि नळीच्या कानातून आग आतल्या दारूला जाते. १८४० च्या आसपास युरोपीय सैन्यांनी गारगोटी टाकून तांब्याची टोपी घेतली. तीच आपली 'केपाची' बंदूक. त्यानंतर काही दशकांत काडतूस आले आणि ठासणीचे हत्यार सैन्यातून हद्दपार झाले. शेतावर, शिकारीत आणि कोकणातल्या घराघरांत ते पुढेही बरीच वर्षे टिकले. तेव्हा चकमकीचे असेल तर घडण साधारण १८४० च्या आधीची, केपाचे असेल तर त्यानंतरची, असा ढोबळ आराखडा मनात धरावा. त्याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल.

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो तिला आपण कळीची पट्टी म्हणू. लष्करी पिस्तुलाची मुख्य खूण तिच्यावर असते. आपल्या भागात सापडणाऱ्या इंग्रजी पिस्तुलांवर दोन प्रकारच्या खुणा दिसतात, आणि या दोहोंतला फरक हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिला प्रकार सरकारी. पट्टीवर 'टॉवर' असा इंग्रजी शब्द, मुकुट, आणि मुकुटाखाली 'जी. आर.' ही अक्षरे. टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला, तिथे ब्रिटिश सरकारचे शस्त्रभांडार होते. 'जी. आर.' म्हणजे राजा जॉर्ज. मात्र जॉर्ज एकामागून एक चार झाले आणि त्यांचा काळ १८३० पर्यंत चालला, त्यामुळे नुसत्या 'जी. आर.'वरून साल निघत नाही. १८३० ते १८३७ 'डब्ल्यू. आर.' आणि पुढे व्हिक्टोरियाचे 'व्ही. आर.' असा क्रम आहे. लाकडावर किंवा लोखंडावर कोंबडीच्या पायासारखा बाण ठोकलेला असेल तर तो ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेचा शिक्का.

दुसरा प्रकार कंपनीचा. ईस्ट इंडिया कंपनी आपली हत्यारे स्वतः खरेदी करी आणि त्यांवर स्वतःची खूण उमटवी. आधीची खूण हृदयाच्या आकाराची. त्याचे चार भाग केलेले, चार भागांत व्ही, ई, आय, सी ही चार अक्षरे आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह. हीच खूण कंपनीच्या मालाच्या गाठोड्यांवरही असे. यातला 'व्ही' हा त्या काळच्या पद्धतीने 'यू'च्या जागी आहे, कारण दोन कंपन्या एकत्र होऊन 'युनायटेड' झाल्या होत्या. जुन्या कंपनी पट्ट्यांवर कारागिराचे आडनाव आणि साल दोन्ही मिळतात, तेव्हा वाचणाऱ्याचे काम सोपे होते. १८०८ च्या सुमारास हे हृदय गेले आणि त्याच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. कंपनीच्या मानचिन्हातला हा सिंह आहे. लहानसाच असतो, नखाएवढा, आणि झिजला की मांजरासारखा दिसतो.

नळीवरही खुणा असतात, त्या परीक्षेच्या. जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी फुटली नाही तर शिक्का मारायचा, अशी ती पद्धत. लंडनच्या बंदूककारांच्या परीक्षेचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली 'जी. पी.' आणि दुसरा मुकुटाखाली 'व्ही'. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली सुरू झाले. तिथला शिक्का मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्यामधल्या जागेत 'बी. पी. सी.' ही अक्षरे. तो असेल तर नळीची परीक्षा १८१३ नंतरची, हे निश्चित. बेल्जियममधल्या लीज शहराचा शिक्का म्हणजे लंबगोलात 'ई. एल. जी.'. त्या लंबगोलावर मुकुट १८९३ पासून आला. लीजने एकोणिसाव्या शतकात जगभर स्वस्त पिस्तुले विकली, त्यामुळे 'ई. एल. जी.' दिसले की बेल्जियमचा सैनिक गोव्यात कसा आला असा प्रश्न पाडून घेण्याचे कारण नाही. तो माल बाजारातला.

'टॉवर' आणि सिंह यांतला फरक इतका महत्त्वाचा का? 'टॉवर'चे पिस्तूल इंग्रजाने आणले असेच नाही. १८०७ च्या अखेरीस नेपोलियनच्या फौजा पोर्तुगालमध्ये शिरल्या, राजघराणे ब्राझीलला निघून गेले, आणि पुढच्या वर्षापासून ब्रिटनने पोर्तुगीज सैन्याला हत्यारे, गणवेश आणि अधिकारी पुरवले. १८०९ साली बेरेसफर्ड नावाचा इंग्रज सेनानी पोर्तुगीज सैन्याची पुनर्रचना करायला बसला. 'टॉवर' छापाच्या बंदुका आणि पिस्तुले तेव्हापासून पोर्तुगीज सैनिकाच्या हातातली रोजची वस्तू झाली. म्हणजे लंडनमध्ये घडलेले, इंग्लंडच्या राजाचे नाव मिरवणारे पिस्तूल लिस्बनमार्गे पणजीत येऊ शकते आणि 'फिरंग्याचे' म्हणून पेडण्यात अगदी खऱ्या अर्थाने सापडू शकते. सिंहाचे तसे नाही. सिंह म्हणजे कंपनी, आणि कंपनीचा कारभार हिंदुस्थानात. ते पिस्तूल मुंबई, मद्रास किंवा बंगालच्या फौजेसाठी आले होते. ते पोर्तुगिजांनी मागवलेले नव्हते.

आता मोपाचे घर. सड्यावर विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, आणि आजूबाजूच्या गावांतली जुनी घरे दुरुस्त होऊ लागली. माळे उपसले गेले, जुन्या वस्तू विकत घेणारे फिरू लागले. अशाच एका घरातले पिस्तूल आम्हाला पाहायला मिळाले. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे कुटुंबाचे नाव देत नाही. घरची हकीकत अशी होती : १८९५ साली दादा राण्यांच्या बंडात घरातल्या पूर्वजाने एका पोर्तुगीज कप्तानाकडून हे हिसकावून घेतले. एका व्यापाऱ्याने हीच हकीकत लिहून द्याल तर दुप्पट पैसे देतो असे सांगितले होते. घरातल्या तरुण मंडळींना विकावेसे वाटत होते, ऐंशी ओलांडलेल्या काकींना नको होते. खुणा पाहून सांगा म्हणजे निकाल लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले.

नळी नऊ इंची, भोक जाड, कॅराबिनच्या गोळीचे. गज नळीखाली दुहेरी कड्याने जोडलेला, बाहेर ओढला तरी पिस्तुलापासून सुटत नाही. ही घोडेस्वाराची सोय. धावत्या घोड्यावर गज हातातून पडला तर पिस्तूल म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा. मुठीला पितळी टोपी, चापाभोवती पितळी कडे. हे सगळे इंग्रजी घोडदळी पिस्तुलाचे लक्षण. पट्टीवर वरवर पाहता काहीच नव्हते. पितळ मात्र आरशासारखे लखलखत होते, आणि त्याचे कारण लगेच कळले. दर खंडेनवमीला हे पिस्तूल पूजेला लागते, आणि त्याआधी पितळ चिंचेने व लोखंड विटेच्या पुडीने घासून काढण्याची घरची पद्धत आहे. शंभर-सव्वाशे खंडेनवम्यांनी जे पुसले ते गंजानेही पुसले नसते. आपल्या भागातली बहुतेक हत्यारे भक्तीनेच मुकी झाली आहेत!

तरी तिरपा उजेड टाकल्यावर घोड्याच्या पुढे पट्टीवर एक आकृती उठली. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला तेव्हा मागचे दोन पाय, वर उचललेले पंजे आणि त्यांतली गोल वस्तू स्पष्ट झाली. कंपनीचा सिंह. म्हणजे पिस्तूल १८०८ च्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे, कंपनीच्या घोडदळाचे.

दुसरी गोष्ट : पिस्तूल केपाचे होते, पण जन्माने केपाचे नव्हते. पट्टीवर बुजवलेली भोके दिसत होती. जिथे पूर्वी पोलादी पाते आणि त्याची कमान बसवलेली होती त्याच जागी. रंजकाची वाटी कापून टाकलेली, नळीच्या कानात लोखंडी डबी पिळून बसवलेली आणि तिच्यावर केप चढवायची लहान पोकळ कांडी. घोडा नवा, जाडसर, कानशीच्या खुणा राखून असलेला. मघाशी ज्या अपवादाचा उल्लेख केला तो हाच. चकमकीची हत्यारे केपाची करून घेणे हे तेव्हा सर्रास चाले, सैन्याच्या कारखान्यांतही आणि गावच्या लोहारसाळेतही. सैन्याच्या कारखान्यातले काम नेमके असते, सगळी नगे एकसारखी. हे काम तसे नव्हते. बुजवलेल्या भोकांपैकी एकाला तांब्याची मेख होती, बाकीच्यांना लोखंडी, आणि डबी किंचित कलती बसली होती. बार उडत होता, पण रूप आले नव्हते. हा इथल्याच कोणा लोहाराचा हात, असे आमचे मत झाले.

आता १८९५ च्या हकीकतीकडे वळू. ते बंड कसे झाले हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वर्षी सप्टेंबरात मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला, राणे त्यांना मिळाले, आणि ते शमवायला राजाचा भाऊ आफोन्सु लिस्बनहून फौज घेऊन आला. त्या काळच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या कमरेला काय असे हे नीट माहीत आहे. 'आबादी' पद्धतीचे सहा बारी काडतुसी रिव्हॉल्व्हर, अधिकाऱ्यांसाठी १८७८ चा नमुना आणि शिपायांसाठी १८८६ चा, लीजमध्ये घडलेले. त्याची एक नामी युक्ती आहे. काडतूस भरायचे झाकण उघडले की घोडा सुटा होतो आणि नुसता चाप ओढून चक्र फिरवता येते. हातात असे हत्यार असताना कोणता कप्तान सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या सरकारचे, गावठी दुरुस्तीचे ठासणीचे पिस्तूल घेऊन सत्तरीच्या रानात शिरेल? ती हकीकत त्या रूपात टिकत नाही.

हे आम्ही काकींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आजोबांनी आम्हाला फट सांगितली?" फट म्हणजे थाप. घरात अवघडल्यासारखे झाले. आम्ही त्यांना विचारले, 'आजोबा नेमके कोणत्या शब्दांत सांगत ते आठवते का, काकी?' त्यांना चांगले आठवत होते. आजोबा म्हणत, 'हें टोपीकाराचें.' कप्तान, पोर्तुगीज, १८९५ हे काही त्यांच्या तोंडी नव्हते. 'टोपीकार'चा 'फिरंगी' काकींच्या वडिलांच्या पिढीत झाला, आणि 'पोर्तुगीज कप्तान' झाला तो मुक्तीनंतर, शाळेत राण्यांच्या बंडाचा धडा आल्यावर.

हा शब्द फार मोलाचा आहे. 'टोपीकर' हा जुन्या मराठीत सगळ्या युरोपीयांचा सामाईक शब्द. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस या सगळ्यांना तो लावलेला आहे. 'फिरंगी' म्हटले की आपल्याकडे पोर्तुगीज, पण 'टोपीकर' इंग्रजही असू शकतो. आजोबांनी फट सांगितली नव्हती. पट्टीवरचा सिंह आणि आजोबांचा शब्द एकमेकांना धरून आहेत. बिघाड झाला तो मधल्या भाषांतरात.

मग कंपनीच्या घोडदळाचे पिस्तूल मोपाला आले कसे? वाटा तीन संभवतात. पहिली वाट गोव्यातूनच. टिपूच्या शेवटच्या युद्धाच्या वर्षी, १७९९ साली, फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांनी गोव्यात आपली पलटण आणून ठेवली आणि ती सुमारे चौदा वर्षे राहिली. दोना पावलाची इंग्रजांची दफनभूमी त्याच काळातली. सिंह १८०८ च्या सुमाराचा, पलटण गेली १८१३ च्या सुमारास. मधली पाच वर्षे जुळतात, पण अगदी काठावर जुळतात.

दुसरी वाट वाडीची. १८४४ साली सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांनी कोल्हापूर संस्थानात उठाव केला. त्यांच्या पिढीजात वतनांवर नव्या कारभारात गदा येत होती. ती आग सावंतवाडीत आली, फोंड सावंत तांबूळकर आणि त्यांचे सोबती उठले, मनोहरगड आणि मनसंतोषगड लढवले गेले. १८४५ च्या आरंभी इंग्रजांच्या फौजेपुढे ते पडले तेव्हा बंडवाले घाट-रानांतून गोव्याच्या हद्दीत उतरले आणि त्यांना तिथे आश्रय मिळाला. हद्द ओलांडायची तर हा सगळा पट्टाच वाटेवरचा. त्या धामधुमीत कंपनीची हत्यारे हातोहात गेली असणारच.

तिसरी वाट बाजाराची, आणि तिच्यात वीररस मुळीच नाही. केपाची हत्यारे आल्यावर कंपनीची चकमकीची हत्यारे जुनी झाली. जुने झालेले हत्यार कोणत्याही सैन्यात एक तर मोडीत जाते नाही तर विकले जाते, आणि विकलेले सीमेपलीकडे जायला वेळ लागत नाही. एखाद्या खोताने किंवा गावकाराने रानडुकरांसाठी आणि चोरांसाठी ते घेतले आणि लोहाराकडून केपाचे करून घेतले, यात अशक्य काहीच नाही.

आमचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. कारण लोहाराची ती दुरुस्ती. पिस्तूल केपाचे केले गेले ते केप खेड्यापाड्यांत मिळू लागल्यानंतर, म्हणजे १८४० च्या दशकात किंवा त्यापुढे, आणि ज्याने करून घेतले त्याला सरकारी कारखान्याचे दार उघडे नव्हते. संस्थानांच्या शिलेखान्यातल्या हत्यारांवर बहुधा देवनागरी आकडे किंवा मजकूर ठोकलेला असतो. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवरची ठिपक्यांची देवनागरी अक्षरे प्रसिद्ध आहेत. इथे तसे काही नाही, तेव्हा हे राजवाड्यातून आलेले नव्हे. खासगी हातात, घाईत, पण रोजच्या वापरासाठी ठेवलेले हत्यार आहे. आणि घरच्या आठवणीत ते विकत घेतलेले नाही, 'टोपीकाराचे' आहे. तिसरी वाट धरली तर त्या शब्दाचे प्रयोजन उरत नाही. कोणाला हा पुरावा अपुरा वाटेल. पण वकिलाला लागणारा पुरावा आणि घराला लागणारा पुरावा यांची वजने वेगळी असतात.

याच पट्ट्यात पुढच्या काळातली पिस्तुलेही निघतात, त्यांच्याविषयी दोन शब्द. पोर्तुगालच्या सैन्याने १९०९ च्या नमुन्याची जर्मन लुगर पिस्तुले घेतली. त्यांच्यावर राजा दुसरा मानुएल याची खूण आहे, मुकुट आणि त्याखाली 'एम' व दोनचा आकडा गुंफलेला. ऑक्टोबर १९१० मध्ये राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. आरमारासाठी आलेल्या लुगरांत हा बदल डोळ्यांना दिसतो : आधीच्या पिस्तुलांवर नांगरावर मुकुट, नंतरच्यांवर मुकुटाच्या जागी 'आर. पी.', म्हणजे पोर्तुगीज प्रजासत्ताक. एखाद्या राज्यक्रांतीची तारीख इतक्या लहान जागेत क्वचितच मावली असेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीची ७.६५ मिलिमीटरची पिस्तुलेही पोर्तुगालने घेतली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी मोपापासून जवळच पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत आटोपली. त्या शेवटच्या दिवसांत टाकून दिलेले काही आजही कुठे तरी पुरलेले असू शकते. असे काडतुसी पिस्तूल निघाले तर ते कौतुकाने बैठकीत ठेवू नये. ते चालणारे हत्यार आहे, परवान्याशिवाय जवळ ठेवणे गुन्हा आहे, सरळ पोलीस ठाण्यात कळवावे. ठासणीच्या, कायमच्या निकामी झालेल्या पुराण हत्यारांना शस्त्र कायद्यात सवलत आहे, पण निकामी म्हणजे काय हे आपण ठरवायचे नसते, तेव्हा तेही जिल्हा प्रशासनाला विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. परगावच्या आणि परदेशच्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे.

नकली कसे ओळखावे, असेही लोक विचारतात. भिंतीवरच्या शोभेच्या पिस्तुलांवर 'टॉवर' असतेच, किंबहुना तेच सर्वांत ठळक असते. आधी नळीचा कान पाहावा. शोभेच्या पिस्तुलाला बहुधा तो नसतो, किंवा असला तरी आरपार नसतो. मग अक्षरे पाहावीत. ठोकलेल्या किंवा कोरलेल्या अक्षराच्या कडा पट्टीबरोबर झिजतात. ओतीव अक्षर फुगीर आणि बुळबुळीत दिसते. सरहद्द प्रांतात केलेल्या नकलांमध्ये कंपनीची खूण असते, पण अक्षरे उलटी-सुलटी पडलेली आणि साल भलतेच. एखादे पिस्तूल हृदयाची खूण आणि १८४० साल एकदम मिरवत असेल तर हात जोडून परत द्यावे.

आणि सर्वांत आधी करायचे ते. ठासणीचे हत्यार दीडशे वर्षे माळ्यावर पडलेले असले तरी आत दारू आणि गोळी असू शकते, आणि कोरडी दारू पेटायला विसरत नाही. एक सरळ काठी नळीत तळापर्यंत घालावी, तोंडाशी खूण करावी, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावी. काठी कानापर्यंत पोहोचत नसेल, दोन-तीन बोटे अलीकडे थांबत असेल, तर हत्यार भरलेले आहे असे समजावे. मग त्याला तापवू नये, ठोकू नये, घोडा ओढून पाहू नये, आणि जाणकाराला बोलवावे. मोपाच्या पिस्तुलाची काठी कानापर्यंत गेली.

ते विकले गेले नाही. काकींनी आम्हाला एक चिठ्ठी लिहून द्यायला सांगितली, आणि ती आता पिस्तुलाला दोऱ्याने बांधलेली आहे : 'कंपनीच्या घोडदळाचे, सिंहाची खूण, सुमारे १८०८ नंतरचे. मूळ चकमकीचे, गावच्या लोहाराने केपाचे केले. घरात "टोपीकाराचें" असे म्हणत.' शेवटचे वाक्य काकींनी आपल्या हाताने घातले. यंदाच्या खंडेनवमीला पिस्तूल पूजेत असेल. वीट आणि चिंच मात्र लागणार नाही, कोरड्या फडक्याने पुसायचे ठरले आहे.